जुन्या डिझेल ट्रकचा खडखडाट आणि थरथर कशी कमी करायची

गेल्या वर्षी गळीत हंगाम संपता संपता सोलापूरजवळच्या मोहोळ भागातले एक मालक गाडी घेऊन आले. जुनी टाटा २५१५, दहाचाकी, आत कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटर इंजिन आणि सिलिंडरना दाबानं डिझेल पाठवणारा साधा मेकॅनिकल इनलाइन पंप. म्हणाले, “मिस्त्री, डॅशबोर्डवर पाण्याचा पेला ठेवला की चालत चालत दारापर्यंत येतो ओ. फोन आला तर गाडी बंद करून बोलावं लागतंय.”

येण्याआधी त्यांनी तीन उपाय करून पाहिले होते. नवा सायलेन्सर बसवला होता, फाउंडेशनखाली, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यांच्याखाली, टायरचे तुकडे घातले होते आणि केबिनमधल्या इंजिनच्या झाकणाखाली चक्क आपली सोलापुरी चादर चार घड्या करून कोंबली होती. तिन्ही उपाय आवाज दाबण्याचे. आवाज निघतो कुठून, हे कोणी पाहिलंच नव्हतं. दोष सापडला सतराच्या पान्यानं, दहा मिनिटांत. तो पुढे सांगतो, कारण ज्या क्रमानं शोधला तो क्रम जास्त कामाचा आहे.

“इंजिन मॉडिफाय करून द्या” असं सांगत लोक येतात. माझ्या अनुभवात जुन्या ट्रकच्या बाबतीत निम्मं मॉडिफिकेशन म्हणजे आधीच्या जुगाडांची उचकापाचक असते. उरलेलं निम्मं म्हणजे सहाही सिलिंडरना सारखं काम करायला लावणं. सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन रचनेनंच संतुलित असतं. पिस्टनांचे वरखाली जाण्याचे धक्के एकमेकांना मारून टाकतात. असं इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता उभ्या गाडीत, केबिन हलवत असेल तर कुठला तरी सिलिंडर कामचुकारपणा करतोय. चार सिलिंडरचं इंजिन, म्हणजे ४०७ सारख्या गाड्यांचं, जातीनंच थोडं थरथरतं. त्याच्याकडून सहाची अपेक्षा धरू नका.

कुठल्या गाडीला हे लागू

पुढची पंपाची आणि नोझलची, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीची, कामं मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहेत. म्हणजे टाटाची जुनी ६९७, कमिन्सची बी सिरीज, लेलँडची हिनो इंजिनं, साधारण बीएस-३ या धुराच्या नियमापर्यंतचा माल. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आलं आणि बहुतेक गाड्यांत कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून डिझेल देणारी कॉम्प्युटरवरची यंत्रणा, बसलं. लेलँडनं मात्र बीएस-४ मध्येही इनलाइन पंप ठेवला होता, म्हणून पाटी वाचण्यापेक्षा पंप डोळ्यांनी बघा. कॉमन रेलच्या नळीत हजार बारच्या वर दाब असतो, त्या नळीचा नट चालू इंजिनवर कधीही ढिला करायचा नाही. तिथं स्कॅनर लावून कुठला सिलिंडर कमी पडतोय ते पाहायचं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत युरियाची टाकी, फिल्टर आणि सेन्सर आहेत. तिथं “काढून टाका, गाडी मोकळी होईल” असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. तो बेकायदा उद्योग आहे आणि त्यानं आवाज कमी होत नाही, वाढतो.

फाउंडेशन, फॅन, डॅम्पर, केबिन हे भाग मात्र सगळ्यांना सारखेच लागू.

पहिला अर्धा तास हत्यार उचलायचं नाही

गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला ओटी, म्हणजे अडवणारा ठोकळा, लावा. इंजिन गरम होऊ द्या. मग बोनेटवर, नाहीतर केबिनच्या फरशीवर पाण्यानं अर्धा भरलेला स्टीलचा पेला ठेवा आणि बघत बसा.

हा खेळ नाही. इंजिन मिनिटाला ६०० फेरे फिरत असेल तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ३०० वेळा, सेकंदाला पाच वेळा. सहाही नीट पेटत असतील तर सेकंदाला तीस धक्के होतात. तेवढे डोळ्यांना दिसत नाहीत, नुसती गुणगुण जाणवते आणि पाण्यावर बारीक जाळी उमटते. एक सिलिंडर कमी पडत असेल तर सेकंदाला पाचचा ठेका येतो, ढुक-ढुक-ढुक-ढुक-ढुक. तो पाण्यात लाटेसारखा स्पष्ट दिसतो, हात ठेवला तर तळव्याला कळतो. मोहोळच्या गाडीत हाच ठेका होता. तेव्हाच मी चादर आणि सायलेन्सरचा विचार सोडून दिला.

आता कान. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानामागच्या हाडावर. सैल बाही, गळ्यातला टॉवेल, दोरीतला ताईत आधी काढून ठेवा, फॅन समोरच फिरतोय. वर टॅपेट कव्हरवर बारीक टिकटिक ऐकू येते ती टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतल्या फटीची. बाजूला नोझलपाशी टणक ठोका येतो तो डिझेल नॉक. खाली ऑईलच्या चेंबरपाशी जड, दबका धप्प आवाज येत असेल आणि लोड दिल्यावर वाढत असेल तर गाडी तिथंच बंद करा. तो बेअरिंगचा आवाज आहे आणि त्याला या लेखातलं काहीच लागू होत नाही. ऑईलचं प्रेशर बघा आणि चेंबर उतरवा. त्या आवाजावर घट्ट ऑईल किंवा डब्यातलं औषध ओतून चार दिवस काढणारे लोक आहेत, पाचव्या दिवशी क्रँकची किंमत विचारायला येतात.

मग क्लच दाबून बघा. दाबल्यावर आवाज थांबला तर तो गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगचा किंवा क्लच प्लेटच्या सैल स्प्रिंगांचा, इंजिनचा नाही. गाडी उभी असताना रेस दिली तर शांत आणि ठराविक वेगाला मात्र थरथर, तर गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणाऱ्या शाफ्टकडे जा. क्रॉस सैल असतो, सेंटर बेअरिंगचं रबर फाटलेलं असतं, किंवा कोणीतरी स्लीव्ह खोलून बाणाच्या खुणा न जुळवता बसवलेली असते. ही शेवटची चूक मी इतक्या वेळा बघितली आहे की शाफ्ट खोलण्याआधी आता रंगाचा पट्टा ओढल्याशिवाय पोराला पाना देत नाही.

डिझेल आणि हवा

इथं थोडक्यात आटपतो. दोन्ही डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदला. आपल्याकडं उसाच्या शेतातल्या वाटा आणि होटगीकडची सिमेंटची धूळ, त्यामुळे पुस्तकातल्या मुदतीच्या आधीच फिल्टर तुंबतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी तपासा. तिथं बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते आणि गाडी आयडलला वरखाली डोलते. थोडा वेळ पारदर्शक नळी जोडून बुडबुडे दिसतात का बघा. पंपाच्या रिटर्नवरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्हही बघून घ्या. त्याची स्प्रिंग ढिली पडली की पंपात पुरेसा दाब राहत नाही आणि कारण नसताना आख्खा पंप खोलला जातो.

डिझेल कुठून भरता तेही महत्त्वाचं. डिझेल किती चटकन पेट घेतं ते सिटेन नंबर सांगतो, आपल्याकडं तो किमान ५१ असावा लागतो. रस्त्याकडेला ड्रममधून मिळणाऱ्या स्वस्त मालाला असली काही हमी नसते. रॉकेलची भेसळ असेल तर ठोका वाढतो आणि पंपाचे एलिमेंटही, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला डिझेल ढकलणारे दट्टे, कोरडे पडून झिजतात. दोन टाक्या खात्रीच्या पंपावरून भरा आणि मग आवाज ऐका. कधी कधी काम तिथंच संपतं.

नोझल

गाडी शांत होते ती बहुतेक वेळा इथं, म्हणून इथं घाई नको.

आधी ठोका का होतो ते समजून घ्या. चुलीत रॉकेल ओतलं आणि लगेच काडी लावली तर ते निमूट पेटतं. ओतून थोडं थांबलात आणि मग काडी लावली तर भक्क होतं, भुवया जळतात. इंजिनात काडी नसते. दाबलेल्या गरम हवेत डिझेल शिरतं आणि क्षणभरानं आपोआप पेटतं. त्या क्षणभरात जेवढं डिझेल साठलं तेवढं एकदम भडकतं, आणि तो ठोका आपल्याला ऐकू येतो. नोझल धुक्यासारखं फवारत असेल तर साठा कमी. पिचकारी मारत असेल, थेंब गाळत असेल, तर साठा जास्त. सकाळी थंड इंजिन जास्त ठोकतं तेही याच कारणानं.

आता कामचुकार सिलिंडर शोधायचा. डोळ्यांना गॉगल, हातात मोजे. मेकॅनिकल पंपातही नोझल दोनशे बारच्या वर उघडतं आणि त्या दाबाची धार कातडीत घुसते. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसते, पण लगेच दवाखान्यात पोचलं नाही तर बोट जाऊ शकतं. म्हणून नळीसमोर हात धरून बघायचं नाही. इंजिन आयडलला ठेवा, पहिल्या सिलिंडरच्या नळीचा नट सतराच्या किंवा एकोणिसाच्या पान्यानं पाव आटा ढिला करा, वर जाड फडकं टाका आणि ऐका. इंजिन लगेच अडखळलं, तर तो सिलिंडर काम करत होता. नट आवळा, पुढच्यावर जा. काहीच फरक पडला नाही तर तो आधीच मेलेला आहे. आणि ढिला केल्यावर ठोका गायब झाला तर ठोकणारा तोच. टर्बो आणि एक्झॉस्टवर डिझेल सांडू देऊ नका, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर ठेवा.

मोहोळच्या गाडीत चार नंबरला दोन्ही खुणा एकदम मिळाल्या. नट ढिला केला तसा ठोका गेला आणि इंजिन जेमतेमच मंदावलं. नोझल काढलं तर खाली तांब्याचे दोन वॉशर. जुना वॉशर भोकात चिकटून राहिला होता आणि कोणीतरी त्यावरच नवा टाकून नोझल आवळलं होतं. वॉशरच्या जाडीएवढं नोझलचं टोक वर राहिलं, फवारा पिस्टनच्या वाटीत जायचा तो कडेला आपटत होता. दीड-दोन मिलिमीटरचा हा तांब्याचा तुकडा, आणि त्याच्यासाठी सायलेन्सर बदलला गेला!

नोझल काढताना आधी आजूबाजूची जागा हवेनं आणि डिझेलनं धुवून घ्या, नाहीतर कचरा सिलिंडरमध्ये पडतो. प्रत्येकाला चिठ्ठी बांधा, कितव्या सिलिंडरचं ते. भोकात टॉर्च मारून जुना वॉशर आकड्यानं बाहेर काढा. सहाही भोकांतले वॉशर निघाले, आत एकही उरला नाही, हे बघून मगच पुढं जा.

सहाही नोझल डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडं टेस्टरवर तपासायला न्या आणि स्वतः समोर उभे राहा. तीन गोष्टी बघा. दाब सहाहींचा कंपनीच्या आकड्याला आणि एकमेकांशी जुळलेला हवा. हँडल मारल्यावर करकर आवाज येऊन फवारा धुक्यासारखा सुटला पाहिजे. आणि थांबल्यावर टोक कोरडं राहिलं पाहिजे. एकच नोझल बदलून पाच जुनी ठेवायला मालक सांगतात. पैसे वाचतात खरे, पण नवं नोझल आणि झिजलेली पाच यांचं जमत नाही. नोझलच्या टिप बदलायच्या तर सहाही बदला.

बसवताना प्रत्येकाला एकच नवा वॉशर, मापाच्याच जाडीचा, आणि टॉर्क पान्यानं आवळणं. पंप ते नोझलच्या सहाही नळ्यांची लांबी मुद्दाम सारखी ठेवलेली असते, डिझेल सगळीकडं एकाच वेळेनं पोचावं म्हणून. एखादी फुटली तर तिला कापून वेल्डिंग करू नका, नवीच आणा. आणि नळ्यांचे क्लॅम्प! ते नेहमी हरवलेले असतात. क्लॅम्प नसलेली नळी स्वतःच झणझणते आणि शेवटी मानेपाशी तडकते.

नोझल नीट होऊनही ठेका राहिला तर पंप कॅलिब्रेशनला टाका. बेंचवर प्रत्येक एलिमेंट किती डिझेल देतो ते मोजून सहाही सारखे करतात. मोजणीची चिठ्ठी मागून घ्या. “जरा पिकअप वाढवून देऊ का” या प्रश्नाला नाही म्हणा. डिझेलचा स्क्रू वाढवला की धूर, उष्णता आणि आवाज तिन्ही वाढतात, आणि पीयूसीला गाडी अडकते ते वेगळंच.

टॅपेट

हे काम इंजिन थंड असताना करायचं. आपल्याकडं मे महिन्यात दिवसभर उन्हात उभी गाडी रात्री नऊलाही थंड नसते. मी टॅपेट पहाटे करतो, चहाच्या आधी.

खालचे आकडे रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा दांडा, आणि व्हॉल्व्ह यांच्यातल्या फटीचे, कमिन्सच्या १२ व्हॉल्व्हच्या ५.९ इंजिनचे आहेत, दुसऱ्या इंजिनाला त्याचं पुस्तक बघा. इनलेट ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५१ मिमी. इंजिन बॅरिंग टूलनं हातानंच फिरवा, स्टार्टर मारून नाही. टायमिंग पिन बसली की पहिला सिलिंडर वर आला. पिन लगेच परत ओढून घ्या, तशीच विसरून फिरवलं तर मोडते. पहिल्याचे दोन्ही रॉकर सैल आणि सहाव्याचे दाबलेले असतील तर बरोबर जागा. इथं इनलेट १, २, ४ आणि एक्झॉस्ट १, ३, ५ सेट करा. डॅम्परवर रंगाची खूण करा, पूर्ण एक फेरा फिरवा, मग इनलेट ३, ५, ६ आणि एक्झॉस्ट २, ४, ६.

फिलर गेज ओढताना लोण्यातून सुरी ओढल्यासारखं वाटलं तर सैल, ओढताना वाकायला लागलं तर घट्ट. हलकी पकड लागली पाहिजे. लॉक नट आवळल्यावर गेज परत घालून बघा, कारण नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो. टिकटिक बंद व्हावी म्हणून मापापेक्षा घट्ट करू नका. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गरम होऊन लांबतो, घट्ट असेल तर पूर्ण बसत नाही आणि जळतो. आवाज गोड आणि व्हॉल्व्ह जळका, असला सौदा कोणाला परवडतो?

टायमिंग, आणि माझी फजिती

पंपाचं टायमिंग, म्हणजे डिझेल कधी सुटायचं ती वेळ, मागं घेतलं की ठोका कमी होतो. डिझेल उशिरा सुटतं, तोवर हवा जास्त दाबलेली आणि तापलेली असते, म्हणून साठा कमी होतो. हे सगळ्या मिस्त्रींना माहीत आहे आणि त्यातच घोटाळा आहे.

धंद्यात नवा होतो तेव्हा एका मालकाला खूश करायला मी कानानं टायमिंग मागं घेतलं. गाडी शिवण मशीनसारखी चालायला लागली, मालकानं वर चहापाणी दिलं. तिसऱ्या दिवशी गाडी सिमेंट भरून तुळजापूरच्या घाटात चढत होती. उशिरा पेटलेलं डिझेल सिलिंडरमध्ये काम करायच्या ऐवजी मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरचा धूर गोळा करणाऱ्या नळात, जळत होतं. काळा धूर, पाणी उकळलं, मॅनिफोल्डचं गॅस्केट जळालं. मालक घाटात, क्लीनर पाण्याची कॅन घेऊन पळतोय आणि मी इकडं फोन कानाला लावून गप्प. दुरुस्ती माझ्या खर्चानं केली.

तेव्हापासून टायमिंग कानानं नाही, मापानं. आधी पंपाच्या फ्लँजवर आणि केसिंगवर एकाच रेषेत छिन्नीची खूण करा, म्हणजे मूळ जागा हरवणार नाही. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पंपाच्या पहिल्या एलिमेंटवरून डिझेलचा थेंब कधी थांबतो ते बघतात, किंवा डायल गेज लावून प्लंजरची उचल मोजतात. काही इंजिनांत पंपाची बॉडी फिरवून जुळवतात, काहींत गिअर सैल करून. आकडा पुस्तकातला किंवा इंजिनवरच्या पाटीवरचाच घ्यायचा. बरेचदा टायमिंग मूळ जागेपेक्षा पुढं गेलेलं सापडतं, कारण कोणीतरी अॅव्हरेजसाठी पुढं केलेलं असतं. मूळ जागेवर आणलं की ठोका उतरतो. मूळ जागेच्याही मागं मात्र नेऊ नका.

फाउंडेशन आणि डॅम्पर

इंजिन आतून सारखं चालायला लागलं की मगच रबराकडं या. क्रम उलटा केला तर नवं रबर बसवूनही गाडी हलते आणि रबराला शिव्या मिळतात.

फाउंडेशनचं रबर इंजिनची थरथर चेसिसपर्यंत जाऊ देत नाही. ऑईल पिऊन फुगलेलं, भेगाळलेलं किंवा नखानं दाबलं तरी न दबणारं रबर बदला. टायरच्या तुकड्यात कापडाचे आणि तारेचे थर असतात, तो हवा तेवढा दबत नाही, थरथर जशीच्या तशी पुढं पाठवतो. वर इंजिन थोडं तिरकं होतं आणि शाफ्टचा कोन बिघडतो.

बदलताना इंजिन लिफ्टिंग हुकला चेन ब्लॉक लावून उचला. चेंबरच्या पत्र्याखाली जॅक लावू नका, पत्रा आत गेला की ऑईलची चाळणी दबते. फॅनची पाती काउलला, म्हणजे फॅनभोवतीच्या कड्याला, लागतात का आणि नळ्या ताणल्या जातात का ते बघत एकेक इंच वर घ्या. पुढची-मागची सगळी रबरं एकदम बदला. सगळे बोल्ट हातानं लावून आधी सैलच ठेवा, मिनिटभर इंजिन आयडलला चालवून त्याला त्याची जागा घेऊ द्या, बंद करा आणि मग टॉर्कनं आवळा. ही एक गोष्ट फार थोडे लोक करतात. आधीच आवळलेलं नवं रबर पिळलेलं राहतं.

आता इंजिनच्या पुढच्या टोकाला क्रँकवर, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यावर, बघा. जिला लोक नुसती “पुली” म्हणतात तो डॅम्पर आहे. आतलं हब, बाहेरचं जड कडं आणि मधे रबर. प्रत्येक ठोक्याला क्रँक पिळवटतो, तो पीळ हे कडं खाऊन टाकतं. हबवर आणि कड्यावर एकेक खूण असते. या रबरी डॅम्परवर त्या खुणा एकमेकींपासून १.६ मिमीपेक्षा जास्त सरकल्या असतील तर आतलं रबर सुटलंय, डॅम्पर बदला. हातोडीनं ठोकून काढलेला, घासून रंगवलेला डॅम्पर घेऊ नका. हा बिघडला तर आधी ठराविक फेऱ्यांना झणझण येते, आणि दुर्लक्ष केलं तर क्रँकच तुटतो.

फॅन आणि सायलेन्सर

रस्त्यावर धावताना बराचसा घोंगावणारा आवाज इंजिनचा नसतो, फॅनचा असतो. एखादं पातं वाकलेलं किंवा तुटलेलं असेल तर आवाजाबरोबर थरथरही येते. व्हिस्कस क्लचचा, म्हणजे इंजिन तापल्यावरच जोरानं फिरणारा, फॅन असेल तर इंजिन बंद करून, चावी खिशात घालून हातानं फिरवा. गरम इंजिनवर थोडा अडतो, थंडवर त्यापेक्षा मोकळा फिरतो. थंड असतानाही दगडासारखा जाम असेल तर तो दिवसभर पूर्ण वेगानं घोंगावत डिझेल खातोय. आवाज कमी व्हावा म्हणून लहान फॅन लावणं किंवा काउल काढणं हे सोलापूरच्या उन्हात, चाळिसाच्या वर पारा असताना, हेड गॅस्केटला आमंत्रण आहे.

एक्झॉस्टच्या बाजूला आधी गळती शोधा. मॅनिफोल्डच्या जोडाशी काजळीची काळी रेघ दिसली की तिथून फट्-फट् निघतंय. गॅस्केट आणि लवचीक पाइप बदला, लटकवायची रबरं बघा. सायलेन्सरवर रबरी हातोडीनं हळू मारा. आत काही खुळखुळलं तर आतल्या जाळ्या तुटल्यात, बदला, आणि मूळ मापाचाच घ्या. “मोकळा पाइप लावला की इंजिनला श्वास मिळतो” हे सांगणारे आवाज वाढवून देतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली आवाज आणि धुराच्या नियमभंगाला १० हजारांपर्यंत दंड आहे, शिवाय लायसन्सही अडकतं.

शेवटी केबिन

इथवर सगळं झालं की उरलेल्या आवाजासाठी केबिन. आधी भोकं बंद करा. क्लच-ब्रेकच्या पेडलांची रबरी बुटं, गिअर लीव्हरचा फाटका बूट, वायरिंगच्या जागा, झाकणाच्या कडेची बीडिंग. झाकणाभोवती बोटभर फट असेल तर वर कितीही जाड गादी घाला, आवाज फटीतूनच येतो.

मग पत्रा. बोटानं टिचकी मारा, डब्यासारखा वाजला तर त्यावर चिकटणारं डॅम्पिंग शीट लावा, पत्रा साफ आणि कोरडा करून, रोलरनं हवा काढून. सगळा पत्रा मढवायची गरज नाही, मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर लावलं तरी पत्रा गप्प होतो. फरशीवर जड रबरी मॅट. झाकणाच्या आतल्या बाजूला उष्णता सोसणारं, फॉइल लावलेलं आग न धरणारं इन्सुलेशनच, आणि ते पिना मारून पक्कं, टर्बोपासून अंतर ठेवून.

आणि ती चादर. काढली तेव्हा एका कोपऱ्याला डिझेलचा ओला डाग होता आणि दुसरा कोपरा टर्बोजवळ करपून तपकिरी झाला होता. दोन्ही कोपऱ्यांत वीतभरही अंतर नव्हतं. लोड घेतल्यावर टर्बोत शिरणारा धूर पाचशे अंशांच्या वर असतो. सुती कापड, गोणपाट, फोमची गादी यातलं काहीही इंजिनच्या झाकणाखाली घालू नका. चादर थंडीत अंगावर घ्या.

फरक मोजायचा कसा

काम सुरू करायच्या आधी आणि संपल्यावर फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या अॅपनं माप घ्या. फोन ड्रायव्हरच्या सीटवर त्याच जागी, काचा बंद, आयडलला एकदा आणि रस्त्यावरच्या नेहमीच्या फेऱ्यांवर एकदा. फोनचा आकडा अचूक नसतो, पण आधीच्या आणि नंतरच्या मापातला फरक कळतो. दहा डेसिबल उतरले तर कानाला आवाज जवळपास निम्मा झाल्यासारखा वाटतो. तीन-चार उतरले तरी नाराज होऊ नका, लांबच्या फेरीत डोकं कमी दुखतं.

सगळं होऊनही आयडलला केबिन बारीक थरथरत असेल तर आयडल कंपनीच्या मर्यादेत राहून जरासा वर घ्या. कधी कधी केबिनची आणि इंजिनची लय नेमकी त्या फेऱ्यांवर जुळते आणि थोडं हलवलं की थरथर जाते. ही युक्ती मी सगळ्यात शेवटी सांगतोय, कारण पहिल्यांदा वापरली तर कामचुकार सिलिंडर तिच्याआड लपतो.

पंपाला हात लावला असेल तर पीयूसी नवी काढा. आठवडाभर गाडी चालली की नळ्यांचे नट, फाउंडेशनचे बोल्ट आणि मॅनिफोल्डचे नट एकदा परत तपासा, रबर बसलं की बोल्ट थोडे सैल पडतात. मोहोळची गाडी त्यासाठी आली तेव्हा पाठीमागचा एक बोल्ट पाव आटा फिरला. पेला डॅशबोर्डवरच होता, आत चहा होता, आणि मालक फोनवर बोलत बसले होते, गाडी चालू ठेवून.